पूर्वीचं नाव : नाही

मला पालीची किळस येते, दुसऱ्याच्या कपात राहिलेल्या गार चहाची येते, आणि ‘मायग्रेशन चॅम्पियन’ या दोन शब्दांची येते. पहिल्या दोन लहानपणापासून आहेत. तिसरी मी ऑकलंडमध्ये स्वतः कमावली, कारण तो चॅम्पियन मीच होतो. साहेबाने तसा बिल्लाच करून दिला होता आणि मी तो तीन महिने शर्टावर लावून हिंडत होतो.

२०११ साली मी पुण्याहून पामर्स्टन नॉर्थला शिकायला आलो. दोन वर्षं वाऱ्याशी झटापट करत सायकल हाणली, डिग्री घेतली, ऑकलंडला आलो आणि मॉर्गेज अ‍ॅडव्हायझर लोकांच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम धरलं. हे अ‍ॅडव्हायझर म्हणजे घर घेणाऱ्याला योग्य ते कर्ज शोधून देणारी माणसं. आमच्या छत्राखाली असे त्रेचाळीस जण होते. मग काही वर्षांनी सरकारचं फर्मान आलं की या धंद्यातल्या प्रत्येकाची माहिती नव्या ऑनलाइन लायसन्सच्या यंत्रणेत गेली पाहिजे. ज्याची गेली नाही, त्याचा धंदा बंद. माहितीच्या या स्थलांतराला साहेब ‘मायग्रेशन’ म्हणायचा, आणि ते काम त्याने माझ्या गळ्यात घातलं.

साहेब इथलाच, गुलाबी चेहऱ्याचा, सदा हसतमुख. उन्हाळ्यात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून ऑफिसला यायचा आणि झकास या अर्थाने कशालाही ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणायचा. त्याने भिंतीवर एक मोठा स्क्रीन लावला. ज्याचा अर्ज मंजूर होईल त्याच्यापुढे हिरवी खूण उमटायची. रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन तो स्क्रीनपुढे उभा राहायचा आणि लोकांना विचारायचा, आज किती हिरवे? त्या त्रेचाळीस माणसांची तोंडं त्याला ओळखू आली असती की नाही याची मला शंका आहे, पण खुणा पाठ होत्या.

त्या त्रेचाळीसांत एक ताई होत्या. मूळच्या डोंबिवलीच्या, वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. पापाटोएटो या उपनगरातल्या बाजारात साड्यांच्या दुकानाच्या वर त्यांची एक खोली होती. तिथे बसून त्यांनी अर्ध्या मराठी मंडळाला घरं मिळवून दिली. हिल्सबरोचं आमचं घरही त्यांच्यामुळेच झालं. तीन ठिकाणी नकार मिळाल्यावर मी नाद सोडला होता, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “अरे, रडतोस काय? पगाराच्या स्लिपा आण आणि गप्प बस.” आणि महिन्याभरात त्यांनी ते काम करून दाखवलं.

ताईंची एक गोष्ट मला ठाऊक होती. त्यांचं पहिलं लग्न वाईट झालं होतं. सासरी आल्याच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने त्यांचं नवं नाव लिहिलं. त्यांचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही एका दमात गेली. त्या नावाच्या पासपोर्टवर त्या इथे आल्या, त्या नावाने सहा वर्षं मार खाल्ला, आणि सुटल्यावर कायद्याने आपलं माहेरचं नाव परत घेतलं. त्याचा दाखला त्यांनीच माझ्या हातात दिला होता. “फाइलला असू दे. पण त्या नावाने मला कोणी हाक मारायची नाही,” असं त्या म्हणाल्या. मी दाखला फाइलला लावला आणि विसरून गेलो.

अर्ज प्रत्येकाने आपापला भरायचा होता. पण तसं केलं तर खुणा हिरव्या व्हायला सहा महिने लागले असते. म्हणून मी सगळ्यांची माहिती एका तक्त्यात गोळा केली आणि एकदम यंत्रणेत चढवायचं ठरवलं. त्यात एक रकाना होता : यापूर्वी आपण दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखले जात होता का? मी पहिल्या ओळीत ‘नाही’ टाकलं, चौकटीचा कोपरा धरला आणि माउस खाली ओढला. एका झटक्यात त्रेचाळीस जणांचा भूतकाळ साफ झाला. माउस ओढताना ताई मनात आल्या नाहीत असं नाही. आल्या होत्या. पण मला वाटलं, लग्नात बायकांची नावं बदलतातच, त्यात काय सांगायचं? दुसरं नाव म्हणजे चोर-भामट्यांचं असतं तसं. एखाद्या गोऱ्या कारकुनाने तो रकाना थांबून वाचला असता. मी आपला मराठी माणूस, मला त्यात वाचण्यासारखं काही दिसलंच नाही.

शेवटी प्रत्येकाने आपल्या फोनवरून ‘कन्फर्म’ दाबायचं होतं. मी ताईंना मेसेज टाकला, “सगळं भरलंय. खाली कन्फर्म दाबा फक्त.” त्यांनी दाबलं. वर लिहिलं, “थँक्स रे, हीप्स ऑफ टाइम वाचवलास.”

तीन आठवड्यांनी ताईंच्या नावापुढे हिरव्याऐवजी लाल खूण आली. पोलिसांकडच्या तपासणीत जुनं नाव निघालं होतं. त्या नावावर गुन्हा सोडाच, गाडी वेगाने चालवल्याचा दंडसुद्धा नव्हता. पण अर्जात नाव लपवलं होतं, आणि जी बाई लोकांच्या घराचे कागद हाताळते तिने खोटं लिहिलं तर लायसन्सवाले खुलासा मागणारच. मागितला तो रास्तच होता. खुलासा पटेपर्यंत ताईंना काम बंद. त्यांच्या हातात चार कुटुंबांची कामं अर्धवट होती. ती साहेबाने दुपारपर्यंत दुसऱ्यांना वाटून टाकली.

मी साहेबाच्या खोलीत गेलो आणि सांगितलं की तो रकाना मी भरला होता, सगळ्यांचाच. तो हसायचा थांबला नाही, फक्त दार लावून घेतलं.

“तिने कन्फर्म केलं ना पण?” त्याने विचारलं.

“हो.”

“मग तेवढंच लिही. जे खरं आहे ते लिही.”

आम्ही घाऊक भरले असं कळलं तर त्रेचाळीसही अर्ज परत उघडतील, हे त्याने बोलायची गरज नव्हती. मी जागेवर येऊन एक वाक्य लिहिलं : अर्जातील माहिती सदर अ‍ॅडव्हायझरने स्वतः वाचून मान्य केली आहे. पाठवलं. ‘वाचून’ हा शब्द माझा. साहेबाने तो सांगितला नव्हता. आज त्या माणसाला शिव्या घालाव्यात तर हा शब्द आडवा येतो.

त्या शनिवारी ताई हिल्सबरोला घरी आल्या. येताना डब्यात खोबऱ्याच्या वड्या. बायकोने चहा टाकला. मी सोफ्याच्या कडेवर बसलो होतो आणि मनात ठरवत होतो, की आता त्या भांडतील, मग मी माफी मागेन, आणि सोमवारी काहीतरी करेन. त्या भांडल्याच नाहीत.

“तू ते नाव का लिहिलं नाहीस, ते मला कळलं,” त्या म्हणाल्या. “दाखला तुझ्याचकडे होता. म्हणजे तुला माहीत होतं, आणि तरी तू लिहिलं नाहीस. मला ते बघवत नाही म्हणून ना?”

मी डब्यातली एक वडी उचलून तोंडात टाकली.

“वेड्या, चांगलं करायला गेलास आणि अंगाशी आलं. कंपनीने लिहिलंय मी वाचून मान्य केलं. लिहू दे. मी चूक माझी म्हणून लिहून देते. तुझं नाव कुठे येणार नाही. लहान मूल आहे तुला.” मग चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, “एवढं माझ्या सख्ख्या भावालाही सुचलं नव्हतं रे.”

तेव्हा माझ्या तोंडात खोबऱ्याची वडी होती. ती मी गिळली आणि म्हणालो, “असू दे ताई.” आजवरच्या आयुष्यात मी बोललेल्या शब्दांत इतके घाणेरडे शब्द दुसरे नसतील. खोटंसुद्धा बोललो नाही मी, नुसतं दुसऱ्याने पुढे केलेलं मोठेपण अंगावर चढवून घेतलं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती कप उचलून आत गेली.

ताईंनी खुलासा लिहिला. जे नाव त्या उच्चारत नसत ते त्यांना स्वतःच्या हाताने चार ठिकाणी लिहावं लागलं, आणि ते का सोडलं याची हकीकत, मारहाणीसकट, एका अनोळखी माणसासाठी इंग्रजीत मांडावी लागली. तो कागद माझ्याच हातून यंत्रणेत चढला. मी तो वाचला. वाचायला नको होता, पण वाचला. सोमवारी काहीतरी करायचं होतं, ते तेव्हाही करता आलं असतं.

खुलाशाचा निकाल लागण्याआधीच साहेबाला घाई झाली. भिंतीवरच्या त्या एका लाल खुणेने त्याची सकाळची कॉफी कडू व्हायला लागली होती. त्याने ताईंना फोन करून गोड आवाजात सुचवलं, की निकाल लागेपर्यंत त्यांनी कंपनीतून बाहेर पडलेलं दोघांच्याही सोयीचं. त्या बाहेर पडल्या. मी त्यांची ओळ तक्त्यातून काढून टाकली. त्रेचाळीसचे बेचाळीस झाले आणि स्क्रीन पूर्ण हिरवा झाला. शंभर टक्के! साहेबाने मॉर्निंग टीला केक आणवला, पांढऱ्या क्रीमवर हिरव्या आयसिंगची भलीमोठी खूण. टाळ्या वाजल्या. कापायचा मान चॅम्पियनचा. हिरवा रंग सगळ्यांच्या ओठांना, दातांना लागला होता आणि तशाच तोंडांनी ते हसत होते. तरी माझा तुकडा मी संपवला, बशीही चाटली असेन.

दिवाळीपर्यंत ताईंचा निकाल आला नव्हता. आपल्या खोलीखालच्या साड्यांच्या दुकानात त्या काउंटरला उभ्या राहत होत्या. भाऊबीजेच्या दोन दिवस आधी त्यांचा फोन आला : “यंदा मी तुला ओवाळणार. नाही म्हणायचं नाही.” मी नाही म्हणालो नाही. ओवाळणीची साडी मला त्या दुकानातून आणायची लाज वाटली, म्हणून शेजारच्यातून आणली.

इथे दिवाळीत संध्याकाळी चांगला उजेड असतो. बायकोने हॉलमध्ये पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. मी टोपी घालून बसलो. ताईंनी कुंकू लावलं, कपाळावर अक्षता टेकवल्या, अंगठी आणि सुपारी ओवाळली, आणि निरांजनाचं तबक हातात घेतलं. आमची सहा वर्षांची मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजी.

“मी आता तुझी आत्या,” ताई तिला म्हणाल्या. “तुझ्या बाबाने माझ्यासाठी केवढं केलंय, माहितीय?”

“व्हॉट डिड ही डू?” मुलीने विचारलं.

मी तोंड उघडणार होतो. काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही. त्याआधी मागून बायकोचा आवाज आला. चढलेला नव्हता, रोजचाच होता.

“काही नाही केलं. फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं. माझ्याही फॉर्मवर लिहितो. व्हिसाच्या, पासपोर्टच्या, सिटिझनशिपच्या. दर वेळी मी ते खोडून माझं आधीचं नाव घालते. त्याने कधी विचारलेलं नाही.”

तबक माझ्या छातीसमोर थांबलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि त्यांना सगळं कळलं. मुलगी माझ्याकडे, मग आईकडे बघत राहिली.

ओवाळणं अर्धवट सोडत नाहीत. ताईंनी तबक पुन्हा फिरवायला घेतलं, राहिलेल्या दोन फेऱ्या सावकाश पूर्ण केल्या आणि ते टेबलावर ठेवलं. मी साडी पुढे केली. त्यांनी ती घेतली, मागे उभ्या असलेल्या माझ्या बायकोच्या हातात दिली, आणि तिला तिचं माहेरचं नाव विचारलं.