बॅटरी चार्जरवर होती

या सदरातले गूढ अनुभव मी गेली कित्येक वर्षं चहाबरोबर वाचत आलोय, आणि प्रत्येक वेळी मनात एकच — बिचाऱ्याची झोप झाली नसणार. आमच्या नागपूरच्या घरात ना देव्हारा होता, ना नजर उतरवणं. बुद्धवंदना व्हायची आणि पुढचं काम सुरू. बाबा म्हणायचे, ज्याचं कारण सापडत नाही ते अजून शोधायचं राहिलंय, बस एवढंच.

नोकरीसुद्धा मला तसलीच मिळाली. सिंगापूरला जुरोंग आयलंडवर एका प्लांटमध्ये मी सेफ्टी इंजिनिअर आहे. एखादा साधा व्हॉल्व्ह गळला तरी आम्ही कारणाच्या मुळाशी जाऊन चार पानांचा रिपोर्ट लिहितो. त्यामुळे आता जे लिहितोय त्यातला कारणाचा रकाना मोकळा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. हसायचं असेल त्यांनी हसावं, मीही हसलोच असतो.

आई गेल्यावर बाबांना इकडे बिशानच्या फ्लॅटवर आणलं. बाबा म्हणजे पोलीस खात्यातले वायरलेस ऑपरेटर, सगळी नोकरी नागपूर आणि गडचिरोलीत. एका पुरात कमरेएवढं पाणी खोलीत शिरलं तरी दोन दिवस सेटवरून उठले नव्हते... कारण त्यांना सोडवायला दुसरा ऑपरेटर आला नव्हता. रिलीफ आल्याशिवाय किंवा कंट्रोलचा हुकूम आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा त्यांचा धर्मच. आम्ही लहानपणी ही गोष्ट इतकी ऐकली की आई ताट वाढताना नुसती म्हणायची, "झालं, आलं पुराचं पाणी."

इथे आल्यावर वर्षभरात त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग माझ्या बायकोचं — सुजाताचं — नाव, आणि मग एक दिवस खाली पेपर आणायला गेलेले बाबा दोन स्टॉप पलीकडच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, सापडले. डॉक्टर म्हणाले, जे काम हातात मुरलंय ते करू द्या. बाबांच्या हातात मुरलेलं काम एकच होतं. मग मी परीक्षा दिली, हौशी रेडिओचा परवाना काढला आणि वायरलेसचा हँडसेट शोधायला लागलो.

आता इंजिनिअर माणूस खरेदीला निघाला म्हणजे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन महिने मी तक्ते केले. रंगीत स्क्रीन, एकाच वेळी दोन चॅनल ऐकायची सोय, ब्लूटूथ, बोलणं कार्डावर रेकॉर्ड होणं, पाण्यात पडला तरी चालणं... आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जीपीएस. सेट दर दोन मिनिटांनी आपण कुठे आहोत ते हवेतून सांगतो आणि माझ्या फोनवरच्या नकाशावर ठिपका दिसतो. बाबा कुठे भरकटले तर ठिपका बघायचा, की झालं. हे मी बाबांना सांगितलं नव्हतं. सुजाता म्हणाली, "फ्लॅट घेताना एवढं बघितलं असतंस तर स्वयंपाकघराला खिडकी तरी नीट मिळाली असती."

दुकानात बाबांनी माझा तक्ता बघितलाही नाही. तीन सेट पुढ्यात ठेवले, तर त्यांनी डोळे मिटले आणि एकेक हातात घेऊन बोलायचं बटण अंगठ्याने शोधलं. दोन बाजूला सारले. तिसरा हातातच ठेवला. "हे पाय," म्हणाले, "न पायता सापडलं पाहिजे. अंधारात काय तुह्या रंगीत पडद्याकडे पायत बसू?" नशिबाने त्या तिसऱ्यात जीपीएस होतं. सोबत घरात ठेवायला एक साधा, स्वस्तातला छोटा सेट घेतला.

रोज सकाळी सहा वाजता बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीशी मोठा सेट घेऊन उभे राहायचे आणि मी बूट घालता घालता जेवणाच्या टेबलावरचा छोटा सेट उचलायचो. ते बिशान वन, मी कंट्रोल. "कंट्रोल, कंट्रोल, बिशान वन. रिपोर्ट द्या." — "बिशान वन, आवाज स्वच्छ." — "रॉजर." मधे आठ फुटांचं अंतर. पण तेवढा वेळ बाबांचा आवाज पूर्वीचा असायचा, एकही शब्द न अडखळता. माझी बारा वर्षांची मुलगी मैत्री, तिला त्यांनी वही आखून दिली होती — वेळ, कोण, कोणाला, निरोप. "कानावर पडलं की आधी लिहायचं," ते तिला शिकवायचे, "घाबरायचं ते मागून." मैत्री वैतागून इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणायची, "ओके लाह, आजोबा." पण लिहायची. (परवाना माझा, मग हे दोघं कसे बोलायचे, असं कुणी जाणकार विचारतील. मी समोर असायचो. त्या एका दिवशी नव्हतो, त्याबद्दल काय दंड असेल तो कळवावा.)

तो दिवस गुरुवार होता. प्लांटमध्ये वार्षिक दुरुस्तीचं काम चालू होतं, आठवडाभर मी चार-चार तास झोपत होतो. कंपनीची बस सव्वासहाला. मोजा सापडत नव्हता. बाबांनी रिपोर्ट मागितला. मी उत्तर दिलं नाही. पुन्हा मागितला. तिसऱ्यांदा "कंट्रोल, कंट्रोल" म्हणाले तेव्हा मी म्हटलं, "बाबा, तिकडे कोणी नाहीये ऐकायला. कधीच नव्हतं."

बाबा माझ्याकडे वळले. "काहून?" एवढंच म्हणाले. मग त्यांनी सेट बंद केला, मागची बॅटरी काढली आणि भाताच्या कुकरशेजारच्या चार्जरवर ठेवली. ड्युटी संपली की त्यांच्या खात्यात असंच करत. मी बघितलं, आणि दार ओढून निघून गेलो.

आयलंडवर फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तीनला बाहेर आलो तर सुजाताचे सात मिस्ड कॉल आणि एक लांबलचक मेसेज. मैत्री शाळेतून आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं, आजोबा नाहीत, मोठा सेटही नाही. सुजाता रॅफल्स प्लेसच्या तिच्या बँकेतून निघाली होती, पोलिसांना कळवलं होतं. मी मनात म्हटलं, सेट नेलाय ना, मग काळजी नाही. नकाशा उघडला. ठिपका आमच्या घरावरच होता, वेळ सकाळची — सहा वाजून सात मिनिटं. त्यानंतर काही नाही.

म्हणजे बॅटरी चार्जरवरच राहिली होती. ज्यासाठी दोन महिने तक्ते केले ते सगळं बाबांच्या हातात होतं, फक्त त्यात जीव नव्हता. आणि तो मी काढायला लावला होता.

तीन पाचची बस मिळाली. दुसरं वाहन तिथून असं पटकन मिळत नाही. आकाश पश्चिमेकडून काळं होत आलं होतं. खिडकीबाहेर टाक्या, चिमण्या, पाइपांच्या रांगा, त्यांच्या पलीकडे मळक्या रंगाचा समुद्र. एसीचा गारठा... आणि सांगायला लाज वाटते, पण बाप हरवलेला असताना मला डुलकी लागली.

स्वप्न म्हणावं तर ते फार हळू होतं. माझ्या हातात सेट होता. तो मोठा सेट, त्याचं वजन, अंगठ्याखाली ते बटण. बस चालूच होती, पण खिडकीबाहेर समुद्राच्या जागी उंच हिरवं गवत होतं आणि ते बसच्या वेगाने मागे जात नव्हतं, जागच्या जागी डोलत होतं. गवतामागे पाणी. पाण्यात चौकोनी दगड, एकापुढे एक, पलीकडच्या काठापर्यंत. एक पांढरा बगळा पाय मोडून उभा. सगळं इतकं शांत की मला बरं वाटत होतं, आणि तरी पाणी दगडांच्या कडेला येऊन लागलेलं दिसत होतं. मी बटण दाबलं. म्हणालो, "बिशान वन, कंट्रोल. वर चढा. पायऱ्यांवर बसा. मी येईपर्यंत खाली उतरू नका." बटण सोडलं. थोडा वेळ नुसती खरखर. मग "रॉजर." तो शब्द ऐकून मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं.

बस बेटाबाहेर नेणाऱ्या कॉजवेवर धक्का खाऊन थांबली तेव्हा जागा झालो. हात मांडीवर, मूठ अजून वळलेली, अंगठा दाबलेला. बाहेर पाऊस कोसळत होता. फोन पायाशी पडला होता, सुजाताचे आणखी दोन मिस्ड कॉल. साडेतीन वाजले होते. मी फोन केला. ती धापा टाकत म्हणाली, "अरे, मैत्रीला छोट्या सेटवर त्यांचा आवाज येतोय. पाणी, दगड म्हणतायत. पार्कमध्ये असणार. मी पोचतेच आहे." मी म्हटलं, "पायऱ्यांवर बघ." का म्हटलं, ते तिनेही तेव्हा विचारलं नाही.

बिशानच्या पार्कमधून नदी वाहते. एरवी पोटरीएवढं पाणी, मुलं दगडांवरून उड्या मारत पलीकडे जातात. पण मोठी सर आली की पाणी भराभर चढतं, भोंगा वाजतो आणि सगळ्यांनी वर यायचं असतं. मी पोचलो तेव्हा दगड दिसतच नव्हते. तिथलं लांब गवत पाण्याखाली आडवं झालं होतं. बाबा वरच्या दगडी पायऱ्यांवर ताठ बसले होते, चिंब भिजलेले, सेट छातीशी. सुजाता त्यांच्यावर छत्री धरून उभी. ती उठवत होती, पण ते जागचे हलत नव्हते.

मला बघून उभे राहिले. सेट दोन्ही हातांनी पुढे केला. "चार्ज घे," म्हणाले, ड्युटी सोपवावी तसे. मी घेतला. हाताला पोकळ लागला. मागची बॅटरीची जागा उघडी होती, त्यात पावसाचं पाणी साचलं होतं.

घरी चार्जरवर हिरवा दिवा लागलेला. बॅटरी जिथे सकाळी होती तिथेच. मैत्री छोट्या सेटसमोर वही घेऊन बसली होती. आजोबांना मिठी मारून झाल्यावर मग रडली — शिकवलं होतं तसं, मागून. मी विचारलं, "बाळा, आवाज नक्की याच सेटवर आला?"

"येस, पप्पा. आजोबा फर्स्ट. मग तू."

"मी?"

"यू वेअर टॉकिंग टू हिम, व्हॉट." तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तू त्याला वर जायला सांगितलं ना. मला वाटलं तुझ्या ऑफिसमध्ये पण रेडिओ आहे."

वही माझ्यासमोर आहे. तिच्या गोल इंग्रजी अक्षरात लिहिलेलं मराठी. तीन चौदा — आजोबा, कंट्रोलला: पाण्याजवळ आहे, दगड आहेत, पांढरा पक्षी आहे, रिलीफ आला नाही. तीन एकोणीस — पुन्हा तेच. तीन बावीस — पाणी वाढत आहे, हुकूम द्या. तीन सव्वीस — पप्पा, आजोबांना: वर चढा, पायऱ्यांवर बसा, मी येईपर्यंत खाली उतरू नका. तीन सत्तावीस — आजोबा: रॉजर.

तीन सव्वीसला मी बसमध्ये झोपलो होतो. पार्कचं मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

जे करायचं ते सगळं केलं. मोठ्या सेटचं कार्ड तपासलं. सकाळी सहा वाजून सात मिनिटांचं शेवटचं रेकॉर्डिंग, त्यात बाबांचं तिसऱ्यांदा "कंट्रोल, कंट्रोल" आणि मागे लांबून माझा आवाज, "कोणी नाहीये ऐकायला." पुढे कोरं. शहरातल्या दोन अनुभवी रेडिओवाल्यांना विचारलं, त्या चॅनलवर त्या दुपारी कुणीच काही ऐकलेलं नाही. मैत्रीने मनाने लिहिलं म्हणावं, तर बगळा आणि पायऱ्या तिला कुठून कळल्या? आणि तिने लिहिलं असलं तरी बाबांना वर कोणी चढवलं? ते हुकमाशिवाय जागा सोडत नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पुराच्या पाण्यातसुद्धा.

आता बाबांना माझं नाव बहुतेक वेळा आठवत नाही. सकाळी सहाला मात्र खिडकीशी उभे असतात. मी बूट बाजूला ठेवतो आणि पहिल्याच हाकेला उत्तर देतो. यात कंपनीची बस तीनदा चुकली.

मागच्या आठवड्यात रिपोर्ट झाल्यावर मी हिंमत करून विचारलं, "बाबा, त्या दिवशी नदीवर तुम्हाला वर चढायला कोणी सांगितलं?"

त्यांनी बॅटरी काढली, चार्जरवर ठेवली, दिवा लागला की नाही ते वाकून बघितलं.

"तूच ना रे," म्हणाले. "सकाळपासून बोलावत होतो. उशिरा का होईना, दिलं तू उत्तर."