भिकुअक्काची न वळणारी मूठ

आमच्या एरंडोलच्या गल्लीत बातमी अशी होती की भिकुअक्काचा हात ठणठणीत आहे, ती नाटक करते. बातमी शेवंताबाईची. बातमी सांगताना शेवंताबाई आधी डावीकडे बघते, मग उजवीकडे, मग पदर तोंडाला लावून गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल इतक्या हळू बोलते. "तिनी मूठ वळत नही म्हणे! मंग चहानी बशी कशी धरस? कुलूप कसं खोलस? आन् बठ्ठ्या दांड्यास्ले चिंध्या बांधेल शेतस, ते काय शे? काहीतरी करणी शे, व माय!"

तिची नक्कल मी एकदा इतकी हुबेहूब केली की शेवंताबाईचा नवरा "काय व?" म्हणत बाहेर आला.

पण चिंध्या मीही पाहिल्या होत्या. बादलीच्या कडीला, उलथन्याला, विळ्याच्या मुठीला, इतकंच काय, दात घासायच्या ब्रशालाही. मग मी दोन दिवस कुंपणाआडून पाळत ठेवली. अक्का ब्लाउजची बटणं लावत होती, भात कालवत होती. फडकं पिळायची वेळ आली की ते नळाला गुंडाळून पीळ द्यायची. मूठ मात्र एकदाही वळली नाही. नाटक असेल तर तालीम फारच पक्की होती.

खरं निघालं ते असं. दिवाळीनंतर गोऱ्ह्यानं दाव्याला हिसका दिला, त्यात अक्काच्या उजव्या हाताची दोन बोटं अडकून मोडली. प्लास्टर निघालं, पण बोटं आखडली ती आखडलीच. दर बुधवारी ती बोटांच्या व्यायामासाठी जळगावला जायची. एका बुधवारी मी सोबतीला म्हणून तिच्याबरोबर एसटीत चढले. सोबत कसली, तपास!

तिथे तनवीर डॉक्टरांनी बिजागरीची छोटी पट्टी एकेका पेरावर ठेवून कोन मोजले. भूमितीचा तासच.

"मुळाचं पेर पासष्ट, मधलं बासष्ट, टोकाचं चाळीस."

"म्हणजे मूठ वळत नाही, हे खरं?" मी विचारलं.

"खरं. मूठ आवळायला याहून बरंच जास्त वाकावं लागतं. पण कप, कुलूप, बटण, घास, अशी बरीचशी रोजची कामं एवढ्या अंशांत भागतात. दांडा बारीक असला तर बोट जास्त वाकवावं लागतं, जाड असला तर कमी. म्हणून चिंध्या गुंडाळायला मीच सांगितलं."

झालं! करणीचं एवढ्यावरच आटोपलं.

अक्कानं मात्र एकच विचारलं, "डॉक्टर, आखाजीले माले खापरवर बसता यी का?"

"ते मला नाही सांगता येणार, अक्का. करून बघा."

परत येताना ती एसटीत बोटं चोळत बसली. गल्लीत नव्या जावयाची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, असली की चुलीवरच्या पालथ्या खापरावर मांडे करायला तीस वर्षं अक्काच बसत आली. यंदा प्रेमराजभाऊंचा सोनगीरचा जावई येणार होता आणि शेवंताबाईनं आधीच स्वतःचं नाव पुढे केलं होतं. ती जागा एकदा गेली की गेली, हे अक्काला माहीत होतं.

"एक तरी मांडा फाटेल, अक्का," मी म्हणाले. "लाव पैज. फाटला तर तुझ्या हाताची नक्कल मी गल्लीभर करणार, तू रागवायचं नाही."

"आन् नही फाटना तर?" पाळधीचा थांबा येईपर्यंत तिनं विचार केला. "शेवंतानी नक्कल. शेवंताना समोर."

आखाजीला प्रेमराजभाऊंच्या अंगणात खापर तापलं. त्यांची बायको दिपमालाकाकू पुरणाचं पातेलं धरून उभी, कुणापुढे ठेवावं ते तिला कळेना.

"पहिले मूठ वळीसन दखाड," शेवंताबाई म्हणाली.

अक्कानं हात पुढे केला. दोन बोटं अर्ध्यावर थांबली.

"दखा!" शेवंताबाई जमलेल्या बायांना म्हणाली.

"शेवंता," अक्का शांतपणे म्हणाली, "मांडा काय मुठीवर करतस का व?" आणि तिनं पुरण भरलेला गोळा उचलला.

तळहातांवर फिरवला, मनगटांवर झुलवला, मांडा पार कोपरापर्यंत पसरला. बोटं नुसती उघडी, जराशी वाकलेली. तिसऱ्या मांड्याची कड इतकी पातळ झाली की पलीकडची तुळस दिसायला लागली. आता फाटणार! मी पुढे सरकले. मांडा अलगद खापरावर पडला. असे अकरा पडले. एकालाही भोक नाही.

अक्कानं हात पुसले. "चाल, पोरी. पाळधीनी पैज याद शे ना?"

मी उठले. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. ओढणी तोंडाला लावली. "तिनी मूठ वळत नही म्हणे..." इथपासून "करणी शे, व माय" पर्यंत सगळं म्हटलं. बाया पदरात तोंड खुपसून हलत होत्या. अक्का हसली नाही. ती खापराखालचा जाळ ओढत होती.

शेवंताबाईनं आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे.

"कोनी नक्कल शे व ही?" ती पदराआडून म्हणाली. "माले ते काही वळखू येस नही."