खिशातलं मंगळसूत्र

"हसा गं, पाव्हणे आले!" ओठ न हलवता माझ्या शेजारची ती एवढंच पुटपुटायची आणि आमच्या बाकावरच्या सगळ्या मुली खरोखरच हसायला लागायच्या. दारात उभे राहून खात्याचे साहेब पाहुण्यांना सांगायचे, "बघा, आमच्या मुली किती आनंदात काम करतात!"

नागापूरच्या माळावर नुकतीच उभी राहिलेली ती मोठी कंपनी रेडिओ बनवायची. केसासारखी बारीक तांब्याची तार रिळावर गुंडाळायची, म्हणून आमच्या खात्यात सगळ्या मुलीच घेतलेल्या. पांढरे एप्रन, डोक्यावर पंखे, भिंतीवर 'बोलू नये' अशी पाटी. बाहेरून कुणी मोठं माणूस आलं की त्याला आधी आमचं खातं दाखवायचे.

तिचं हसू मात्र खोटं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. दुष्काळाचं साल होतं. तिची आई उन्हात सडकेच्या कामावर खडी फोडत होती. "आई म्हनते, बसून काम आन् वर पंखा? मग पगार कशाचा देत्यात गं?" असं सांगून ती स्वतःच खुदखुदायची. बाजारात एखाद्या चहाच्या दुकानात रेडिओ लागलेला असला की हातातली पिशवी खाली ठेवून उभी राहायची.

"ह्यो माज्या हातचा हाय."

"अगं, कशावरून?"

"आवाज वळखू येत न्हाई व्हय तुला?"

नोकरीवर असा जीव लावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांची थट्टा करावीशी वाटते आणि थोडा हेवाही वाटतो.

कंपनीत एक नियम होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण आल्याआल्याच सगळ्यांना कळायचा. लग्न ठरलं की मुलीनं नोकरी सोडायची. ती पेढे वाटायची, साहेब स्टीलचा डबा भेट द्यायचे, की झालं.

तिचं लग्न झालं आणि तिनं पेढे वाटले नाहीत.

मला कळलं ते अचानक. एका सकाळी मी एसटीतून उतरले, तर फाट्यावरच्या लिंबाखाली ती उभी. शेजारी सायकल धरून एक तरुण. गावातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा तो. तिनं गळ्यातलं मंगळसूत्र काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. मला बघून ती दचकली नाही. म्हणाली, "हे आमचे मालक. दिवसभर सांभाळत्यात बिचारे." तो लाजून सायकलची घंटा पुसायला लागला.

एवढंच ते दृश्य. पण या वयातही मला ते झोपेत दिसतं, आणि झोपेत ते बटण काही केल्या लागत नाही.

पुढे तिला दिवस गेले. एप्रन ढगळ होता आणि बाकावरच्या आम्ही सगळ्या तिला सामील होतो. रिळांची जड पेटी तिच्या वाट्याला आली की कुणीतरी न बोलता उचलायचं. सुपरवायझर एकदा म्हणाले, "जाड झालीस." तर ही म्हणते, "तुमच्या कँटीनची किरपा, साहेब!"

मग एक दिवस कंपनीच्या मालकांच्या पत्नी खातं बघायला आल्या. आम्ही नेहमीप्रमाणे हसलो. बाई मायाळू होत्या. तिच्यापाशी थांबल्या, पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "कितवा महिना गं, बाळ?"

तिला खोटं बोलता आलं असतं. पण इतक्या दिवसांत तिथं कुणी तिला असं मोकळेपणानं विचारलंच नव्हतं. तिचा चेहरा फुलून आला.

"सातवा," ती म्हणाली.

बाईंनी तिच्या गालाला हात लावला आणि त्या पुढे गेल्या. मागे साहेब उभे होते.

दुसऱ्या दिवशी पर्सोनेल ऑफिसरनं तिला बोलावलं. राजीनामा टाइप करून तयारच होता.

"साहेब, माजं काम वाईट हाय का?"

"काम उत्तम आहे तुझं."

"मग?"

"आता घर सांभाळ."

तिनं सही केली नाही. आम्ही दोघीजणी तिच्यासाठी साहेबांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "तुमचीही लग्नं व्हायचीच असतील ना?"

त्यानंतर फाटकावर तिला अडवायला लागले. ती तिथून हलली नाही. मंगळसूत्र एप्रनवर दिसेल असं घालून फाटकाशेजारच्या भिंतीला टेकून उभी राहिली. नवरा सकाळी सोडायचा, संध्याकाळी न्यायचा. ना आरडाओरडा, ना रडणं. रखवालदाराला एवढंच म्हणायची, "मामा, मी कामावर आलेय. तुमी आत घेत न्हाई, त्याला मी काय करू?" पाहुण्यांच्या गाड्या तिच्या समोरून आत यायच्या. आता आमच्या खात्यात कुणी हसत नव्हतं. हळूहळू पाहुण्यांना तिकडं आणणंच बंद झालं.

चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी पाणी घेऊन गेले, तर भिंतीच्या वीतभर सावलीत ती बसल्या जागी झोपली होती. एक हात पोटावर. दुसऱ्या हाताची बोटं झोपेतही हळूहळू फिरत होती, तार गुंडाळावी तशी. मी तिला उठवलं नाही. तांब्या शेजारी ठेवला आणि भोंगा झाला म्हणून आत गेले.

संध्याकाळी तांब्या रिकामा होता. ती नव्हती.

छापखान्यात चौकशी केली, तर नवराही काम सोडून गेलेला. कुणी म्हणालं, दुपारीच कळा सुरू झाल्या, सिव्हिलमध्ये नेलं. कुणी म्हणालं, पाथर्डीकडे माहेरी गेली. मूल जगलं का, ती तरी जगली का, नक्की कुणालाच ठाऊक नाही.

पुढे तो नियम गेला. माझं लग्न झालं आणि मंगळसूत्र घालूनच मी त्या बाकावर केस पांढरे होईपर्यंत काम केलं. संध्याकाळी सुटलो की एसटी येईपर्यंत आम्ही जुन्या बायका रस्त्यावर उन्हात थांबायचो. फाटकाशेजारच्या त्या भिंतीलगतची सावली मोकळीच असायची. नव्या मुलींना त्यातलं काही माहीत नव्हतं. तरी त्याही आमच्याबरोबर उन्हातच थांबायच्या.