कडव्यांची दुसरी प्रत

सर्व्हरच्या खोलीत शिरताना भाऊ आधी चपला बाहेर काढायचे आणि मग त्या काळ्या डब्याला उलटा हात लावायचे, लेकराला ताप आहे का बघतात तसा. हात मागे घेतला की म्हणायचे, "चालू हाय बिचाऱ्याचं काम." त्यानंतरच ते आम्हा माणसांकडे बघत.

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात मी परीक्षा विभागात होते आणि भाऊ कम्प्युटर सांभाळायचे. त्यांचं नाव सांगत नाही. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणत. ते अल्लीपूरहून एसटीने यायचे. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. काही बंद पडलं की सगळ्यांना त्यांची आठवण येते, एरवी ती कोणाला दिसत नाहीत.

सर्व्हरच्या खोलीत एसी होता, आणि अख्ख्या कॉलेजात धड चालणारा तो एकच. मे महिन्यात निम्म्या स्टाफला तिथे अचानक कामं आठवायची. कोणी हजेरीचं निमित्त काढी, कोणी निकालाचं. भाऊ दारातूनच वाटेला लावायचे. "थंडी मशीनसाठी हाय, तुमच्यासाठी नाई. तुमी घरी जाऊन झोपता, हे झोपत नाई." मीही एकदोनदा तशीच परतले आणि दिवसभर फुगून बसले.

एकदा सर्व्हरचे जुने हार्ड ड्राइव्ह बदलले. काढलेल्यांतला एक मला घरी हवा होता, मुलाच्या कम्प्युटरमध्ये जागा उरली नव्हती म्हणून. रद्दीत जाणार त्यापेक्षा माझ्याकडे येऊ दे, असा माझा साधा हिशेब.

"बसणार नाई, ताई," भाऊ म्हणाले.

"काऊन नाई बसणार? दिसते तर सारखंच."

त्यांनी घरच्या कम्प्युटरचा एक ड्राइव्ह काढून सर्व्हरच्या ड्राइव्हशेजारी टेबलावर ठेवला. घरच्या ड्राइव्हच्या तोंडात मधे एक खाच होती. सर्व्हरच्या ड्राइव्हमध्ये ती भरून टाकलेली. "तुमच्या घरची केबल इथं शिरतच नाई. अन् शिरली असती तरी याची बोली तुमच्या मशीनले समजत नाई. घरचा ड्राइव्ह आमच्या सर्व्हरात चालून जाते, पण हा घरी नाई चालत." मग मला समजावून सांगितलं. घरचा ड्राइव्ह दिवसातून थोडा वेळ चालतो आणि विसावतो. सर्व्हरचा रात्रंदिवस फिरतो, तापतो, घरघरतो. तिथे एकच मजकूर दोन ड्राइव्हवर असतो. एक गेला की मशीन चालू असतानाच तो ओढून काढायचा, नवा खुपसायचा, की शिल्लक राहिलेला त्याला सगळं परत सांगतो.

"मग घरी काय करावं माणसानं?"

"घरी घरचेच घ्या. पण दोन घ्या. एक कम्प्युटरात, दुसरा कपाटात."

मी तसंच केलं. मुलाचे बारशापासूनचे फोटो आज शाबूत आहेत ते या माणसामुळे.

भाऊंच्या घरी मात्र एकच होता. त्यात त्यांच्या बायकोची गाणी होती. ती गावातल्या अंगणवाडीत सेविका. रविवारी विहारात महिला मंडळ जमे तेव्हा स्वतः रचलेली गाणी म्हणायची. बाबासाहेबांवरची होती, लेकींना शाळेत घालण्यावरची होती, एक तर धान्य पाखडण्यावरचं होतं. पालुपद सगळ्या बायका उचलायच्या. कडवी तिची एकटीची. कडव्यात ती चाल कुठे नेईल याचा कोणाला पत्ता नसे, म्हणून मधे कोणी तोंड घालत नसे. भाऊंनी घरी बसवून तिची सगळी गाणी रेकॉर्ड केली होती. जेवणाच्या सुटीत डबा खाताना ते हे सांगायचे आणि सांगताना लाजायचे.

"भाऊ, एवढी जागा पडली हाय सर्व्हरवर," मी एकदा म्हटलं. "टाकून द्या ना तिथं. कोणाले समजते?"

"मले समजते," ते म्हणाले. "कॉलेजचं कॉलेजात, घरचं घरी."

"मग दुसरा ड्राइव्ह तरी घ्या. लोकायले सांगता अन् स्वतः?"

ते हसले. "दुसरी प्रत घरात चालून-फिरून राह्यली ना, ताई. म्हण म्हटलं की म्हणते."



पुढच्या हिवाळ्यात ती गेली. दुखणं थोड्याच दिवसांचं होतं. भाऊ कामावर परत आले, चपला काढल्या, डब्याला हात लावला आणि आमच्याकडे न बघताच कामाला बसले. घरचा कम्प्युटर त्यांनी कपड्याने झाकून ठेवला होता. "हिंमत नाई होत," एवढंच म्हणाले. मला वाटलं, बरोबर आहे. आवाज कुठे पळून जातो? होईल तेव्हा ऐकतील.

हिंमत झाली ती उन्हाळ्यात. बटण दाबलं तर आतून टक टक आवाज, बाकी काही नाही. ज्या माणसाने कॉलेजातल्या एकाही पोराची मार्कशीट कधी हरवू दिली नाही, त्याच्या घरचा ड्राइव्ह असा गेला. त्यांनी तो काढला, टॉवेलात गुंडाळला आणि नागपूरला एका माहीतगार माणसाकडे नेला. दुसऱ्या दिवशी टॉवेल तसाच पिशवीत घेऊन कॉलेजात आले.

"आतल्या चकतीवर ओरखडे हायत," ते म्हणाले. "काही निघालं नाई."

मला रडू फुटलं. भाऊ मलाच पाणी आणून द्यायला लागले. मला त्यांचा रागही आला होता, खोटं कशाला सांगू? त्या सर्व्हरच्या एका कोपऱ्यात ती गाणी मावली असती, कोणाच्या बापाचं काही गेलं नसतं. पण त्यांनी तसं केलं असतं तर ते भाऊ राहिले नसते. हा राग कुठे ठेवावा ते मला आजही कळत नाही.

निवृत्तीनंतर ते अल्लीपूरलाच असत. मी एकदा भेटायला गेले तर घराच्या ओसरीवर मंडळातल्या बायका बसलेल्या आणि भाऊ मधे खुर्चीवर, डोळे मिटून, गात होते. तुम्ही त्यांचं गाणं ऐकायला हवं होतं! आवाज घोगरा, सूर नावालाही नाही. जन्मात कधी गुणगुणले नव्हते. पण बायकोच्या एकेका गाण्याचं एकेक कडवं ते आठवून, अडखळून, परत मागे जाऊन बायकांना सांगत होते. शब्द बायकांपैकी काहींना येत होते. चाल कोणालाच नाही. ती उरली होती फक्त या माणसाच्या कानात.

पदर तोंडाला लावून बायकांतली एक तरुण सून हसली. भाऊंनी डोळे उघडले. "हास, बाई, हास. पण ध्यानात ठेवजो. मी गेल्यावर कोणाले विचारशीन?"

मला निरोप देताना म्हणाले, "तिच्यासारखं नाई जमत, ताई. कुठं वर जायाचं ते आठवते, पण गळा जात नाई." आणि मान फिरवून अंगणातल्या कडुनिंबाकडे बघत राहिले.

ते गेल्याचा फोन आला तेव्हा परीक्षा चालू होत्या. मला जाता आलं नाही. त्यांच्या मागे ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, श्रद्धांजली वाहायला, मात्र गेले. विहारात बुद्धवंदना झाली, गावचे दोघंतिघं बोलले, आणि मग महिला मंडळ उभं राहिलं. धान्य पाखडण्याचं गाणं होतं. पालुपद झालं आणि मी वाट बघत होते की आता एकटा आवाज येईल. तसं झालं नाही. कडवं सगळ्यांनी मिळून म्हटलं, न अडखळता. सुरेल, भरलेला आवाज होता. मला इतकं बरं वाटलं की शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचा हात मी धरला. त्या भाऊंच्या बायकोच्या अंगणवाडीतल्या मदतनीस, तिचं गाणं वर्षानुवर्षं ऐकलेल्या.

"चाल वाचवली हो भाऊंनी," मी हळूच म्हटलं.

म्हातारीने मान हलवली. "हे तिची चाल नाई, बाई. ती इथं वर जाये. लय वर. ह्या खाली येऊन राह्यल्या."

"मग हे काय हाय?"

"हे भाऊचं हाय."

पालुपद परत आलं आणि सरलं. म्हातारीने डोळे पुसले, घसा साफ केला. पुढच्या कडव्याला ती बायकांसोबत गायला लागली, आणि ती जागा आली तशी तीही खाली आली.