एक तास, फक्त हवेतला

आमच्या तिकीट बुकिंगच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत, ते स्वतःच खुर्ची ओढून समोर बसतात. सोलापुरातून मुंबई-गोव्याची विमानं सुरू झाली आणि त्यांना ऊतच आला. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "किती वेळ लागतो?" माझं उत्तरही पाठ, "एक तास." भानगडी तिथूनच सुरू होतात!

*

टेंभुर्णीचे एक केळीबागायतदार मुंबईहून परतायचं तिकीट काढायला आले.

"इमान आमच्या गावावरनंच येतंय न्हवं?"

"हो, साधारण तिकडूनच."

"मग तितंच उतरवा की! सोलापूरला जाऊन परत मागं कशाला येऊ?"

मी हात जोडले. विमानाला मधे थांबा नसतो, हे काही त्यांना मनापासून पटलं नाही. दारातून वळून म्हणाले, "बरं, हळू तरी करतंय का?"

*

कुंभारीच्या दोघी बहिणी आल्या. थोरलीचा मुलगा दुबईला. वेळापत्रकात जाताना मुंबईहून दहाला निघून साडेअकराला दुबई, येताना दहाला निघून थेट अडीचला मुंबई!

"जाताना दीड तास, आन् येताना साडेचार?" थोरली घाबरली.

तिथलं घड्याळ दीड तास मागं असतं, हे मी सांगणार तेवढ्यात धाकटी म्हणाली, "अगं, येताना समदी सोनं घिऊन येत्यात. जड हुतंय त्येला!"



*

माझा जोडीदार अंबादास. त्यानं हौसेनं बोर्ड रंगवला, 'सोलापूर–मुंबई एक तास!' आठवड्यातच एक गिऱ्हाईक तणतणत आलं.

"एक तास म्हणला, आन् चार तास लागले की!"

"विमानात?"

"विमानात एकच. बाकीचे अंधेरीत!"

अंबादासनं स्केचपेन घेतलं आणि बोर्डावर खाली लिहिलं, 'फक्त हवेतला.'

*

शिवलिंगअण्णा आमच्या शेजारचे डाळीचे व्यापारी. लेकीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि गोव्याला संसार थाटला. सहा वर्षं अण्णा गेले नाहीत, फोनवर बोललेही नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "गोवा लई लांब हाय." मला त्यांचा राग यायचा.

विमान सुरू झालं तसा लेकीचाच मला फोन आला. "दादा, अण्णांचं तिकीट काढा. आता लांब म्हणू नका म्हणावं."

मी तिकीट काढून अण्णांना बोलावलं. ते आले, कागद हातात घेऊन बसले.

"किती वेळ लागतंय?"

"एकच तास, अण्णा."

"आन् बसनं?"

"दहा-अकरा तास तरी."

त्यांनी कागद घडी घालून माझ्यासमोर ठेवला. "बसचं दे."

"अहो अण्णा, तिनं एवढ्या मायेनं..."

"जातो म्हणलं की! पण एका तासात मला काय बोलायचं ते सुचंल व्हय रे?"