आतोबांची हाडाची नळी

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, आयुष्यात माणसांपेक्षा रानकोंबड्यांशीच जास्त बोलले असतील. सारं जग शिट्टी फुंकतं, आतोबा ती आत ओढत. कोंबडीच्या पंखातली हाडं पोखरून, मेणाने एकात एक बसवून केलेली वीतभर नळी ओठांत धरून ते श्वास आत घेत आणि गोखिवऱ्याच्या त्यांच्या अंगणात अस्सल रानातली कोंबडी बोलायला लागे. शेजारच्या कोंबड्या दाणे टाकून धावत येत. "हवा भायेर सोडली की मानूस बोलतो, आत घेतली की पाखरू," असं ते सांगत. आम्ही आ वासून ऐकायचो.

हाडांसाठी ते लग्नाची एकही पंगत चुकवत नसत. "चावू नकोस रे बाबा, फुटंल ते," असं त्यांनी एकदा साक्षात नवरदेवाला बजावलं, आणि त्या भल्या माणसाने हाड पुसून हातात दिलं. तुंगार डोंगराच्या पायथ्याशी शिकारीला झुडपात बसून नळी ओढली की रानकोंबडा पिसं फुलवून थेट बंदुकीपुढे येई. त्याच्याकडे बघण्याच्या नादात आतोबा निम्म्या वेळा बार उडवायचाच विसरत.

नळी टेकायची समोरच्या एका दातावर. तोच दुखू लागला. गाल भोपळ्यासारखा सुजला तरी काढू देईनात. "दात गेला तर रानात मला कोन वळखंल?" शेवटी ताप चढला तेव्हा आत्याने त्यांना ओढतच डॉक्टरकडे नेलं. दात गेला, सूज उतरली, आणि आतोबांनी अंगणात नळी ओढली तर नुसती हवा सूं करत आत गेली. एकाही कोंबडीने मान वर केली नाही. नळी ओट्यावर ठेवून ते भिंतीकडे तोंड करून बसले. मला फार वाईट वाटलं.

आत्या तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, नळी पदराला पुसली. "सारा जलम हेच ऐकलं मी. कान काय नुसते बुगड्यांसाठी हायेत?" म्हणाली आणि श्वास आत घेतला. पहिला फसला. दुसऱ्याला अंगणातल्या कोंबड्या धावत आल्या, आणि जरा वेळाने डोंगरावरून रानकोंबड्याने साद दिली.

मी बंदूक आणायला उठलो. "बस खाली," आतोबा म्हणाले. "तिला बोलू दे."

मग रोज संध्याकाळी आत्या नळी ओढायची आणि आतोबा डोळे मिटून ऐकायचे. बंदूक माळ्यावर गेली ती गेलीच. पुढे आत्याही गेली. नळी खुंटीला राहिली. पण संध्याकाळ झाली की डोंगरावरचा कोंबडा आपणहून साद घालायचा, आणि ओट्यावर बसलेले आतोबा त्याला हळूच सांगायचे, "ती घरात नाय रे."