मनकर्णा हवा खायला जाते

काष्टीच्या मनकर्णानं लग्न झाल्यापासून जेवढे प्रवास केले, त्या प्रत्येकाला कारण होतं. माहेरी गेली ती बाळंतपणाला नाहीतर मयताला. जेजुरीला गेली ती नवस फेडायला. एकदा दौंडच्या दवाखान्यात गेली, तेव्हा पायात बाभळीचा काटा मोडून पाय सुजला होता. विनाकारण ती कुठं गेली नव्हती. विनाकारण कुठं जाता येतं, हेच तिला सत्तर सालच्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हतं.

त्या भाऊबीजेला तिचा धाकटा भाऊ आसाराम मुंबईहून आला. तो भाऊच्या धक्क्यावर लाँचवर खलाशी होता. ओवाळून झालं, करंज्या पुढ्यात आल्या आणि आसाराम बोलत सुटला. त्यांची लाँच आठवड्यातून काही फेऱ्या सुपारबेट नावाच्या एका बेटावर जाते. चहूबाजूंनी समुद्र, मधे माडाची वाडी, आणि वाडीत एका शेठनं लाकडी झोपड्या बांधल्यात. मुंबईची मोठी माणसं तिथं येऊन राहतात.

"कशापायी?" मनकर्णानं विचारलं.

"हवा खायला."

"मंग तिथं दिसभर करत्यात काय?"

"काय न्हाई करत. खुर्चीत बसत्यात. जेवत्यात, झोपत्यात, पुन्ना बसत्यात."

"बायाबी?"

"बायाबी."

मनकर्णानं तबक खाली ठेवलं. आसारामानं पिशवीतून लुगडं काढलं. तिनं ते उलगडूनही न बघता परत पिशवीत सारलं. "लुगडं नगं मला. हाय माझ्यापाशी. ओवाळणी घालायचीच आसंल तर मला त्या बेटावर ने."

आसाराम हसला. बहीण हसत नाही हे पाहून त्यानं करंजी खाली ठेवली. बेटावरचा मॅनेजर त्याच्या ओळखीचा होता, आणि आठवड्याच्या मधल्या वारी झोपड्या रिकाम्याच पडलेल्या असत. त्याला नाही म्हणायला कारण सापडेना. "नेतो की," तो म्हणाला.

घरात ही गोष्ट जेवणं झाल्यावर निघाली. श्रीमंत नावाचा तिचा नवरा कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "आता कालव्याच्या पान्याची पाळी यील. मला न्हाई यायचं. तू जा." एवढं बोलून तो बैलांना वैरण टाकायला गेला, आणि मनकर्णाला वाटलं, झालं, ठरलं. पण त्या घरात कुठलीच गोष्ट अशी दोन वाक्यांत ठरत नसे. धाकटा दीर भिमाजी सोसायटीचा चेअरमन होता, आणि बैठक बसल्याशिवाय ठराव होत नाही अशी त्याची समजूत होती.

बैठक ओट्यावर बसली. भिमाजी, त्याची बायको कडूबाई, सासू बायडाबाई आणि आसाराम. मनकर्णा दाराला टेकून उभी.

"तिथं कोन हाय आपलं?" भिमाजीनं पहिला प्रश्न टाकला.

"कुनी न्हाई," आसाराम म्हणाला.

"देव कोन्ता?"

"देऊळ न्हाई तिथं."

बायडाबाईनं मिश्रीचं बोट तोंडातून काढलं. "पाव्हना न्हाई, देव न्हाई. मंग लोकांनी इचारलं तर सांगायचं काय? आमच्यातल्या बाया हवा खायाला गेल्या म्हनून? हितं काय हवा संपली?"

बैठक मोडायच्या बेतात आली. तेवढ्यात आसारामाला आठवलं, की बेटाच्या टोकाला एक शेंदूर फासलेला दगड आहे आणि जाता-येता कोळी लोक त्याला हात जोडतात.

"आरं मंग आधी सांगायचं की!" भिमाजी म्हणाला. त्याच्या जिवावरचं ओझं उतरलं. देव सापडला म्हटल्यावर जाणं रास्त ठरलं. नुसतं रास्तच नव्हे, तर सगळ्यांनीच जायला पाहिजे असं ठरलं. आई जाणार, भिमाजी जाणार, कडूबाई जाणार. पोरं शाळेसाठी श्रीमंताजवळ राहणार.

पुढचे पंधरा दिवस भिमाजीनं या कामाला वाहून घेतलं. मुंबईला जातोच आहोत तर मुंबादेवी करावी. मुंबादेवी केली आणि महालक्ष्मी राहिली तर बरं दिसत नाही. राणीच्या बागेतला वाघ पाहिलाच पाहिजे. कडूबाईची एक मावसबहीण परळला होती, तिच्या घरी एक मुक्काम. रोज काहीतरी वाढत होतं, आणि बेट एकेक दिवस मागं सरकत होतं. मनकर्णा हे सगळं भाकरी थापता थापता ऐकत होती. बोलली काहीच नाही. फक्त आसाराम परत निघाला तेव्हा त्याला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "कांद्याची लागन उरकली की तुला कार्ड धाडायला लावते. आमी बुधवारी सकाळी धक्क्यावर यिऊ. तू लाँच सोडू नगं."

सामानाची तयारीही भिमाजीनंच केली. समुद्राचं पाणी खारट असतं म्हणून गोड्या पाण्याची घागर. सगळ्यांना पुरतील अशा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे. कुणी बुडालं तर ओढून काढायला बैलाचं नवं दावं. देवासाठी बाजारातून पाहून, वाजवून घेतलेले पाच नारळ. बेटावर माडच माड आहेत, असं मनकर्णानं एकदा सुचवून पाहिलं. "ते लोकाच्या मालकीचं," बायडाबाई म्हणाली. "देवाला दुसऱ्याच्या बागंतला नारळ कसा चालंल?" हे मनकर्णालाही पटलं.

कांद्याची लागण उरकली, ज्वारी पोटऱ्यात आली, आणि चौघं काष्टीच्या स्टेशनात गाडीत बसली. दौंडला गाडी बदलून मुंबईला पोहोचली. मुंबादेवी झाली, महालक्ष्मी झाली. राणीच्या बागेतला वाघ पाठ करून झोपला होता. तो उठेल म्हणून भिमाजीनं बराच वेळ वाट पाहिली, आणि शेवटी तोंड न बघताच सगळी परळला गेली. मंगळवारी संध्याकाळी भिमाजीनं जाहीर केलं, "आता बेटाचं ऱ्हाऊ द्या. येळ न्हाई. फुडल्या खेपंला बघू."

मनकर्णा लुगड्याचा पदर नीट करत म्हणाली, "भावजी, देवाला यितो म्हनून बोललोय. मधूनच मागारी फिरनं बरं न्हवं."

भिमाजीनं आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "ते बी खरंच हाय."

बुधवारी सकाळी सगळी भाऊच्या धक्क्यावर उभी राहिली. भरतीचं पाणी पायऱ्यांवर आपटत होतं. पायऱ्या शेवाळानं हिरव्या झाल्या होत्या, आणि खाली लाँच वर-खाली होत होती. एकदा ती पायरीच्या बरोबरीला येई आणि लगेच पुरुषभर खाली जाई. कडूबाईनं एकदाच खाली पाहिलं, आणि कठड्याला धरून सकाळचा चहा समुद्रात ओकली.

भिमाजी लाँच हाकणाऱ्या तांडेलापाशी गेला. "ही कधी बुडाली हाय का?"

"बुडाली असती तर इथं असती का?" तांडेल म्हणाला.

हे उत्तर बरोबर होतं, पण भिमाजीचं समाधान झालं नाही. त्यानं एक पाय पुढं टाकला. लाँच खाली गेली. त्यानं पाय मागं घेतला. असं तीनदा झालं. मग तो वळून म्हणाला, "हिला बरं न्हाई. हिच्यापाशी कुनी तरी पाहिजे. मी आन् ही परळला थांबतो. आन् वैनी, तुमी एकट्या तरी कशा जाशीला?"

मनकर्णा लाँचकडं पाहत होती. तेवढ्यात बायडाबाईनं नारळाची पिशवी काखेत मारली, लाँचवरच्या आसारामाचा हात धरला, लाँच वर आली तशी तिच्यात पाय टाकला आणि फळीवर बसली.

"आई!" भिमाजी ओरडला.

"मला आता किती जगायचंय?" बायडाबाई म्हणाली. "मनकर्णे, ये गं. ती वर आली की टाक पाय. झोक्यावानी हाय."

लाँच निघाली. धक्क्यावर खांद्याला दावं आणि पायाशी घागर घेऊन उभा असलेला भिमाजी लहान लहान होत गेला.

बेट आसारामानं सांगितलं होतं तसंच होतं. मॅनेजरनं दोघींना झोपडी दाखवली, पुढ्यात दोन कापडी आरामखुर्च्या मांडल्या आणि "बसा" म्हणून तो निघून गेला. आधी देवाचं काम उरकलं. टोकाच्या दगडाला पाचही नारळ फोडले. मग दोघी खुर्च्यांपाशी आल्या. बायडाबाईनं खुर्ची हातानं दाबून पाहिली, ती मागं कलली. "मोडकी हाय," ती म्हणाली. दोघी खाली वाळूत बसल्या.

बसल्या, पण बोलणार काय? अठ्ठावीस वर्षं दोघी एका चुलीपाशी होत्या. म्हशीनं दूध किती दिलं, पीठ कधी सरलं, रानात बाया किती सांगायच्या, याचंच बोलणं झालेलं. इथं म्हैस नव्हती आणि पीठही नव्हतं. समुद्र आवाज करत होता. थोड्या वेळानं मनकर्णा उठली. अंगणात माडाच्या झावळ्या पडल्या होत्या, त्या तिनं ओढून आणल्या. त्यांच्या पातींतले हीर काढायला सुरुवात केली. बायडाबाईही सरकून जवळ आली. ऊन उतरायच्या आत दोघींनी चार खराटे बांधले आणि त्यातल्या एकानं मनकर्णानं झोपडीचं अंगण झाडलं. मग शेजारच्या झोपडीचंही झाडलं.

शेजारच्या झोपडीत मुंबईचं एक जोडपं होतं. त्यातली बाई म्हणाली, "अगं, जरा दोन चहा सांग." मनकर्णानं स्वयंपाकघरात जाऊन दोन चहा सांगितले, आणि माणूस रिकामा नव्हता म्हणून स्वतःच नेऊन दिले. संध्याकाळी मॅनेजर धावत आला. "बाई, तुम्ही पाहुण्या आहात. हे असलं करायचं नाही."

"मंग काय करायचं?" बायडाबाईनं विचारलं.

मॅनेजरनं विचार केला. "काही नाही," तो म्हणाला, आणि चारही खराटे घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली होती. पाणी दूर गेलं होतं आणि वाळू ओल्या सारवणासारखी सपाट झाली होती. बायडाबाईनं काष्टा वर खोचला आणि ती चालत चालत पाण्यात शिरली. गुडघ्याएवढ्या पाण्यात थांबली. मग सरळ खालीच बसली. मनकर्णा धावली. सासू पडली असंच तिला वाटलं.

"पडली न्हाई," बायडाबाई म्हणाली. "बसली. गुडघं दुखायचं थांबल्यात. ये, बस."

मनकर्णा बसली. लाट यायची, दोघींना जरा उचलायची आणि पुन्हा ठेवायची. बऱ्याच वेळानं बायडाबाई म्हणाली, "तुझं माह्यारचं नाव काय गं? मनकर्णा आमी ठिवलं. आधी काय हुतं?"

मनकर्णाला हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. आसाराम तिला आक्का म्हणायचा, आणि नावानं हाक मारणारे आईबाप कधीच गेले होते. तिला ते नाव तोंडावर आणायला थोडा वेळ लागला.

"बनू."

"बनू," बायडाबाईनं म्हणून पाहिलं. "चांगलं हाय. कशाला बदललं आसंल आमी?"

"मामंजी म्हनले, वाड्यात एक बनू हायेच. घोटाळा व्हईल."

"व्हय. ती पलीकडच्या घरातली. ती तर दोन वरसात मेली."

मनकर्णानं भीत भीत विचारलं, "आन् आत्याबाई, तुमचं?"

म्हातारी हसली. तिचे पुढचे दात नव्हते, आणि ती एवढी तोंडभर हसलेली मनकर्णानं पाहिली नव्हती. "रंगू. आमच्या रानात चिचंचं झाड हुतं. माजा बाप खालून हाका मारायचा, रंगू, उतर. मी उतरायची न्हाई. लग्न ठरल्यावर उतरली."

मग ती बोलतच राहिली. चिंचेचं, विहिरीत पोहायला शिकल्याचं, सासरी आल्यावर विहीर फक्त घागर भरायला पाहिली त्याचं. मनकर्णानंही सांगितलं. तिला लहानपणी बोकडाच्या गाडीत बसून शेजारच्या गावी जायचं होतं. बोकड मधेच बसला, म्हणून तिला बोकड उचलून परत यावं लागलं. बायडाबाई पाण्यात हात आपटून हसली.

भरतीचं पाणी चढायला लागलं तेव्हा दोघी ओल्या लुगड्यांनी झोपडीकडं आल्या आणि त्या खुर्च्यांत बसल्या. खुर्ची मागं कलली, पण मोडली नाही. शेजारची बाई तोंडाचा आ करून बघत होती. तिनं मॅनेजरला बोलावून विचारलं, की ही कामाची माणसं खुर्चीत कशी बसली. मॅनेजर काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं ती बाई बिस्किटांची बशी घेऊन आली आणि म्हणाली, "घ्या ना." दोघींनी एकेक घेतलं. तिला बसायला सांगितलं. ती वाळूत बसली.

तिसऱ्या दिवशी लाँच परत आली तेव्हा भिमाजी धक्क्यावर हजर होता. त्यानं आईला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि कुठं काही कमी झालं नाही याची खात्री केली. "बेट केवढं हाय?" त्यानं विचारलं.

"आपल्या गावठानाएवढं," मनकर्णा म्हणाली.

काष्टीला आल्यावर भिमाजीनं पारावर सुपारबेटाची सगळी हकीकत सांगितली. लाटा किती उंच, देव किती जागृत, लाँच कशी मधेच कलली. त्याच्या सांगण्यात बेट श्रीगोंदा तालुक्याएवढं झालं होतं. लोक मन लावून ऐकत. चुकीचं काही कुणी दुरुस्त केलं नाही. जाऊन आलेल्या दोघी पारावर बसत नसत.

पुन्हा बेटावर जाणं झालं नाही. पुढच्या वर्षी लढाई आली, त्याच्या पुढं दुष्काळ. नंतर आसारामानं लाँच सोडून गोदीत नोकरी धरली. पण घरात एक बदल झाला, तो राहिला. दुपारची जेवणं आटोपली, भांडी झाली, की बायडाबाई ओट्यावरून हाक मारी. आजूबाजूला कुणी नसलं तर "बनू" म्हणून, नाहीतर नुसतं "ये गं" म्हणून. मग दोघी भिंतीला टेकून बसत. हातात वाती नसत, निवडायला डाळ नसे.

कडूबाईनं हे आठ-दहा दिवस पाहिलं. तिला वाटलं, जाऊबाईंना काहीतरी दुखणं लागलं आणि आत्याबाई लपवतात. तिनं नवऱ्याला सांगितलं. नवऱ्यानं श्रीगोंद्याच्या डॉक्टरचं नाव काढलं. श्रीमंत बैलांकडं जाता जाता म्हणाला, "बसू द्या," आणि तो विषय तिथंच मिटला.

शेवटी एका दुपारी कडूबाईला राहवलं नाही. ती गहू भरलेलं सूप घेऊन ओट्यावर आली आणि दोघींच्या शेजारी बसली. निवडायला लागली. नुसता सुपाचा आवाज येत राहिला.

"कडूबाई," बायडाबाई म्हणाली, "ते सूप खाली ठिव."